चेहऱ्यावर भाजल्याचा डाग आहे म्हणून फ्लोअरची नोकरी नाकारली, केस होईल का?

प्रश्न : माझं वय २७. लहानपणी स्टोव्हचा भडका उडून डावा गाल आणि मान भाजली, डाग कायमचा राहिला. मान उजवीकडे पूर्ण वळत नाही एवढंच, बाकी काही त्रास नाही. कपड्यांच्या दुकानात सेल्स आणि बिलिंगचा अनुभव आहे. एका मोठ्या रिटेल चेनमध्ये फोनवरचा इंटरव्ह्यू पास झाले, पण समोर गेल्यावर मॅनेजरचा सूरच बदलला. मग एचआरचा व्हॉट्सॲप मेसेज आला की प्रोफाइल चांगलं आहे, पण फ्लोअरला प्रेझेंटेबल चेहरा लागतो, गोडाऊनला जागा आहे, येणार का. पगार कमी. केस करता येईल का? भाऊ म्हणतोय कंपनीचं नाव टाकून फेसबुकवर पोस्ट करू.

उत्तर : ताई, सगळ्यात आधी तो मेसेज जपा. बहुतेक कंपन्या अशी गोष्ट तोंडी सांगतात, "आम्ही कळवतो" म्हणतात आणि पुढे काहीच कळवत नाहीत, तुमच्या एचआरने लिहून दिलंय हे तुमचं नशीब. नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही, चॅट फोनमध्ये तसंच राहू द्या, आपोआप मेसेज पुसणारं सेटिंग चालू असेल तर बंद करा, आणि फोन बदलायचा विचार असेल तर थोडं थांबा, कारण भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि तेव्हा मूळ फोन हाताशी असलेला बरा.

आता केसचं. खरं सांगायचं तर "दिसण्यावरून नोकरी नाकारू नये" असं खाजगी मालकाला सरळ बजावणारा कायदा आपल्याकडे नाही. घटनेतलं समानतेचं कलम १४ आणि सरकारी नोकरीतल्या समान संधीचं कलम १६ सरकारला बांधतं, चेनच्या मॅनेजरला नाही. गंमत बघा, कलम १५(२) दुकानांना लागू होतं, धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यावरून कुणाला दुकानात यायला अडवता येत नाही, पण ते गिऱ्हाईकासाठी. काउंटरच्या पलीकडे उभं राहायला कोण लायक, यावर घटना दुकानदाराला काही विचारत नाही. आणि विचारलं तरी "दिसणं" हा शब्द त्या यादीत नाहीच.

बाहेरच्या देशांत हा प्रश्न आधीच पुढे गेलाय. फ्रान्सने २००१ मध्ये "शारीरिक रूप" हेच भेदभावाचं बेकायदा कारण म्हणून कायद्यात घातलं. ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्यात चेहऱ्याची किंवा शरीराची गंभीर विद्रूपता असली की ती अपंगत्वच मानतात, हातपाय चालतात की नाही हे सिद्ध करायची गरज नाही. अमेरिकेत ॲबरक्रॉम्बी अँड फिच ही कपड्यांची चेन सेल्सच्या पोरापोरींना "मॉडेल" म्हणायची, तिच्यावर २००३ मध्ये दावा झाला की गोऱ्या नसलेल्यांना मागच्या स्टॉकरूममध्ये ढकलतात, आणि २००४ मध्ये कंपनीने सुमारे ४ कोटी डॉलर देऊन तडजोड केली. तुमच्या गोडाऊनच्या ऑफरशी जुळतंय ना. पण नीट बघा, तिथेही दावा उभा राहिला तो वंशावर आणि लिंगावर, "दिसायला नाही आवडले" एवढ्यावर नाही. म्हणजे कायद्यात आधीपासून असलेल्या एखाद्या खणात आपली तक्रार बसवावी लागते, आपल्याकडेही तेच करायचंय.

तो खण म्हणजे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६. त्याच्या यादीत ॲसिड हल्ल्यातल्या व्यक्ती आहेत, पण व्याख्येत "ॲसिड किंवा तसलाच दाहक पदार्थ फेकून केलेला हिंसक हल्ला" असं आहे, म्हणजे डाग तसाच, चेहरा तसाच, फक्त स्टोव्हने भाजलंय म्हणून तुम्ही त्यात बसत नाही. मला स्वतःला ही रेघ कधी पटलेली नाही. पण तुम्ही पत्रात जाता जाता लिहिलेलं "मान पूर्ण वळत नाही एवढंच" हे वाक्य वकिलाच्या दृष्टीने बाकी सगळ्या पत्रापेक्षा भारी आहे, कारण भाजल्यानंतर कातडी आखडून हालचाल कमी झाली असेल तर ती चलनवलनाच्या अपंगत्वात तपासली जाऊ शकते. जिल्हा रुग्णालयात तपासणी करून प्रमाणपत्रासाठी अर्ज करा, यूडीआयडी या दिव्यांग ओळखपत्राच्या सरकारी पोर्टलवरून ऑनलाइन होतो. आणि टक्के कमी आले म्हणून परत फिरू नका. ४० टक्क्यांची अट आरक्षणासारख्या लाभांसाठी आहे, भेदभावाविरुद्धच्या संरक्षणासाठी नाही. सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या केसमध्ये, लिहिताना हात आखडणाऱ्या उमेदवाराला लेखनिक देताना, हाच फरक स्पष्ट केलाय. शिवाय कायद्यात "अडथळा" या शब्दाच्या व्याख्येत लोकांच्या दृष्टिकोनातून येणारा अडथळाही धरलाय, आणि मॅनेजरला तुमचा चेहरा खटकणं हा तसलाच अडथळा. कंपनीचा वकील म्हणणारच की नुसता डाग ही कमतरता नव्हे, तिथे वाद होईल, म्हणून मानेचा कागद हातात पाहिजे.

स्वतःला दिव्यांग म्हणवून घ्यायचं की नाही हे मात्र तुम्ही ठरवा, काही जणांना ते नको वाटतं आणि त्यात चूक काही नाही.

ठरलं तर पहिलं पाऊल कोर्ट नाही, पत्र. कंपनीच्या प्रमुखाला, एचआरला नाही, स्पीड पोस्टाने तक्रार पाठवा, मेसेजची प्रत जोडा. केंद्राच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे २० किंवा जास्त माणसं असलेल्या खाजगी आस्थापनेच्या प्रमुखाला अशी तक्रार आली की एकतर कारवाई करावी लागते, नाहीतर तुम्हाला लेखी कळवावं लागतं की हा नकार एका रास्त हेतूसाठी होता आणि त्या हेतूच्या प्रमाणातच होता. आता "मानेवर डाग असलेली बाई शर्ट का विकू शकत नाही" याचं उत्तर लेटरहेडवर लिहायला कुठलीही कंपनी शंभरदा विचार करेल. त्याच पत्रात त्यांचं समान संधी धोरण मागा, ते करणं त्यांना बंधनकारक आहे. उत्तर आलं नाही किंवा गोलमोल आलं तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे जा, तिथे ६० दिवसांत निकाल द्यायचा नियम आहे, प्रत्यक्षात उशीर होतो. आयुक्तांचं म्हणणं शिफारस असतं, कोर्टाची डिक्री नव्हे, आणि कायदा मोडल्याचा पहिला दंड १० हजारांपर्यंत. म्हणजे मोठी भरपाई डोक्यातून काढा. नोकरी मिळण्याची शक्यता मला पत्रानंतरच्या बोलण्यात जास्त दिसते.

ते म्हणतील कस्टमरला आवडत नाही. युनिफॉर्म, बांधलेले केस, स्वच्छ नखं हे दुकानाने मागावं, ते कुणालाही जमतं, पण कातडी घरी काढून ठेवून ड्यूटीला येता येत नाही. गिऱ्हाईकाची आवड ही सबब अमेरिकन कोर्टाने १९७१ मध्येच फेटाळलीय, प्रवाशांना हवाई सुंदरीच आवडतात म्हणून पुरुषांना न घेणाऱ्या पॅन ॲम या विमान कंपनीच्या केसमध्ये. आपल्यावर तो निकाल बंधनकारक नाही, पण युक्तिवाद म्हणून चालतो.

अजून एक चौकशी करा, त्या फ्लोअरवर चेहऱ्यावर डाग असलेला किंवा साधाच दिसणारा एखादा पुरुष आहे का. "प्रेझेंटेबल" फक्त मुलींनाच लावत असतील तर तो लिंगभेद होतो, आणि वेतन संहिता २०१९ भरतीतला लिंगभेद खाजगी मालकालाही मना करते, महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने कायदाही. हा मुद्दा कदाचित मानेपेक्षाही सोपा पडेल.

गोडाऊनचं म्हणाल तर पैशाची गरज असेल तर घ्या, लाज वाटून घेऊ नका, फक्त "मी फ्लोअरसाठी अर्ज केला होता, ही नोकरी तो हक्क न सोडता घेतेय" असा मेल आधी पाठवा, नाहीतर उद्या म्हणतील तुम्ही स्वखुशीने आलात. आणि भावाला फेसबुकवरून खाली उतरवा. खरं असलं आणि लोकहितासाठी असलं तर बदनामीच्या केसमध्ये बचाव मिळतो, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये तसा अपवाद आहे, पण तो बचाव सिद्ध करायला तारखा तुम्हालाच खाव्या लागतील, आणि रागात टाकलेल्या पोस्टमध्ये एखादं वाक्य जास्तीचं जातंच. पत्राचं उत्तर येईपर्यंत तरी थांबा म्हणावं.