जेवणाच्या सुट्टीत टेबलावर उघडलेला डबा

फ्रान्समध्ये, विशेषतः पॅरिसबाहेरच्या मध्यम आकाराच्या शहरांत नोकरीसाठी गेलेली मराठी माणसे मला एक प्रश्न वारंवार विचारतात : "इथले लोक वाईट नाहीत, पण दोन वर्षे झाली तरी आपला म्हणावा असा एकही माणूस नाही. माझेच काही चुकते आहे का? परत यावे का?" हाच प्रश्न घेऊन आलेल्या एका अभियंता बाईंचा अनुभव त्यांच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून लिहीत आहे.

त्या नाशिकच्या, वय चौतीस, अविवाहित. ग्रनोबल या आल्प्सच्या पायथ्याच्या शहरात त्या चिप आरेखनाचे काम करतात. दीड लाखाच्या आसपास वस्तीचे हे शहर संशोधन संस्था आणि सेमीकंडक्टर उद्योगासाठी ओळखले जाते. पहिल्या ऑनलाइन भेटीत मी त्यांची झोप, भूक, कामातील लक्ष आणि जीव नकोसा वाटण्याचे विचार यांविषयी सविस्तर विचारले, कारण एकटेपणाच्या तक्रारीमागे नैराश्य दडलेले असू शकते आणि तसे असेल तर नुसत्या गप्पांवर भागत नाही. तशी लक्षणे नव्हती. अडचण भाषेची असावी, असा माझा पहिला अंदाज होता आणि तो चुकला; त्या फ्रेंचमधून बैठका घेत होत्या.

मग मी त्यांना दोन आठवडे एक साधी वही ठेवायला सांगितली : कामाव्यतिरिक्त कोणाशी, कुठे, किती वेळ बोलणे झाले. वही जवळजवळ कोरी आली आणि तिचे कारणही तिच्यातच होते. हिवाळ्यात फ्रान्सचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते; आई झोपण्यापूर्वी फोन व्हावा म्हणून त्यांना साडेपाचला, म्हणजे नाशिकच्या रात्री दहाला, घरी असावे लागे. त्यासाठी पाचला निघायचे, म्हणून दुपारचा वेळ वाचवायचा, म्हणून डबा कामाच्या टेबलावरच खायचा. शाकाहारी असल्याने कँटीनमध्ये काय मिळेल, ही धास्तीही होतीच. फ्रान्समध्ये दुपारचे जेवण एकत्र बसून सावकाश घेतले जाते आणि सहकारी एकमेकांना ओळखू लागतात ते बहुधा त्या टेबलावर. कामाच्या जागी जेवण्यास तिथल्या कामगार नियमांनुसारही साधारणपणे मनाई आहे. त्यामुळे सहकाऱ्यांना वाटत होते की यांना एकांत हवा असतो, आणि यांना वाटत होते की आपल्याला कोणी बोलावत नाही.

वहीत आणखी एक नोंद होती : "बेकरीतल्या बाईंनी तुटकपणे 'बोंजूर' म्हणून मला गप्प केले." दुकानात शिरताच त्यांनी थेट पाव मागितला होता. आपल्याकडे आलेल्याला घरचा माणूस 'या, बसा' म्हणतो. फ्रान्समध्ये दुकानात पाऊल टाकताच पहिला शब्द आत येणाऱ्याने उच्चारायचा असतो आणि तो न उच्चारता मागणी करणे उद्धटपणाचे मानतात. ही गोष्ट वरवर क्षुल्लक वाटली तरी अशा दहा प्रसंगांची बेरीज माणसाच्या मनात 'मी इथे नकोशी आहे' या वाक्यात होते, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे.

आईचा फोन बंद करा, असे मी सुचवले नाही. तो त्यांचा आधार होता. आम्ही फक्त त्याची वेळ हलवली. सकाळी सव्वासातला, म्हणजे नाशिकला पावणेबाराला, कामावर जाण्यापूर्वी पंधरा मिनिटे. आईंना महिनाभर राग होता आणि तो राग सहन करणे हा त्यांच्यासाठी या सगळ्यातला सर्वांत अवघड भाग ठरला. आठवड्यातून तीन दिवस त्या डबा घेऊन कँटीनच्या टेबलावर बसू लागल्या. पहिले दोन आठवडे संभाषण फार वेगाने चालले आणि त्या थकून परतल्या. तिसऱ्या आठवड्यात कोणीतरी थालीपिठाविषयी विचारले.

सप्टेंबर महिन्यात फ्रान्समधील बहुतेक शहरांत स्थानिक स्वयंसेवी संस्था आणि हौशी मंडळांचा मेळा भरतो. 1901 च्या कायद्याने नोंदलेल्या अशा संस्था तिथल्या सामाजिक जीवनाचा कणा आहेत आणि परक्याला ओळखी जोडायचा याहून सरळ मार्ग मला ठाऊक नाही, कारण तिथे दर आठवड्याला तीच माणसे भेटतात. लहानपणापासून सह्याद्रीतले गड चढलेल्या या बाई ग्रनोबलमध्ये दोन वर्षे राहून एकदाही डोंगरावर गेल्या नव्हत्या! त्यांनी पदभ्रमण मंडळात नाव घातले. हिवाळ्यात खोऱ्यावर दिवसचे दिवस ढगांचा थर बसतो, आणि वर चढून गेले की लख्ख ऊन असते. हे त्यांना त्या मंडळातल्या एका निवृत्त शिक्षिकेने दाखवले.

ज्यांची झोप आणि भूक आठवडेच्या आठवडे बिघडलेली असेल त्यांनी मात्र वही करत बसू नये. तिथे ज्यांच्याकडे आपले नाव नोंदलेले आहे त्या डॉक्टरांना भेटावे. जीव नकोसा वाटत असेल तर 3114 हा फ्रान्सचा राष्ट्रीय क्रमांक दिवसरात्र, विनामूल्य उपलब्ध आहे.

परत येण्याचा प्रश्न आम्ही निकालात काढलेला नाही. त्यांचा वास्तव्य परवाना पुढच्या वर्षी नूतनीकरणाला येईल, तेव्हा त्या ठरवतील. मागच्या भेटीत त्या म्हणाल्या, "मॅडम, शनिवारचा वेळ बदलता येईल का? शनिवारी आम्ही शामशोदच्या डोंगरावर जातो." 'आम्ही' हा शब्द त्यांनी वर्षभरात पहिल्यांदाच उच्चारला होता, आणि मी तो माझ्या टिपणांत लिहून ठेवला.