नवीन वर्षाचा संकल्प संक्रांतीच्या पुढे टिकावा यासाठी काय करावं?

भाऊ, तुम्ही लिहिलं आहे की खेड्यात राहता, घरची कोरडवाहू शेती आहे, सोबत पोलीस भरतीची तयारी चालू आहे. दर १ जानेवारीला चार गोष्टी ठरवता: भरतीत लागायचं, कापूस एकरी पंधरा क्विंटल काढायचा, खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) सोडायचा, पैसे साठवायचे. आणि तिळगूळ वाटेपर्यंत त्यातलं काहीच उरत नाही. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात बचत गटांचं काम पाहते. बायांसोबत बसून त्यांच्या घरच्या वर्षाची आखणी करणं हा माझ्या कामाचाच भाग आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमच्या चारपैकी पहिल्या दोन गोष्टी पुऱ्या तुमच्या हातात नाहीत. जागा किती निघतील ते सरकार ठरवतं. पंधरा क्विंटल होतील की सात, ते पाऊस आणि बोंडअळी ठरवते. त्यात तुमच्या मेहनतीचा वाटा आहेच, पण तो वाटा वेगळा काढा आणि संकल्प तेवढ्याचाच करा.

हे मी गटाच्या पंचसूत्रीतून शिकले. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्जवाटप, नियमित परतफेड, नियमित हिशोब लेखन. पाचही सूत्रं पुन्हा वाचा, कुठेच रुपयाचा आकडा नाही. ठरल्या दिवशी करायचं, एवढंच आहे. आमच्याकडे सोमवारी संध्याकाळी एकीच्या सपरीत सतरंजी पडते, पेटी उघडते, आणि वहीत एकेकीच्या नावापुढे रक्कम चढते. जी आली नाही तिच्या रकान्यात रेघ येते. ती रेघ सगळ्या गटाला दिसते. आमची एक वयस्कर सदस्य म्हणते, "उसनवार करीन, पन सोमवारचा नागा नाही पडू देनार." निंदणाची मजुरी थकलेली असली तरी ती येऊन बसते. तिची बचत काही फार मोठी नाही, पण मृगाच्या तोंडावर बियाण्यासाठी तिला सावकाराच्या दारात उभं राहावं लागत नाही, गटातूनच उचल मिळते. आणि एखादा सोमवार चुकलाच, तर त्यासाठी कोणी गट सोडून जात नाही. पुढच्या सोमवारी दोन्ही आठवड्यांचे भरते.

दुसरं म्हणजे, ठरवलेली गोष्ट होण्यासारखी आहे का, याचं गणित कागदावर मांडून पाहा. एका ताईनं ठरवलं होतं की घरी दोन बकऱ्या आहेत, वर्षात दहा करायच्या. आम्ही दोघी वही घेऊन बसलो. बकरी फळल्यापासून, म्हणजे गाभण राहिल्यापासून, पाच महिन्यांनी विते. जानेवारीत फळली तर पिल्लं जूनमध्ये. दोघींनाही जुळी झाली असं धरलं तरी दोनाच्या सहा. व्याल्यावर लगेच पुन्हा फळवत नाहीत, दोन-तीन महिने पिल्लांना पाजू द्यायचं असतं, म्हणजे पुढचं वेत थेट पुढच्या साली. त्यात पावसाळ्यात एखादं पिल्लू दगावतं, बोकड झाले तर ते विकले जातात. कितीही राबली असती तरी डिसेंबरात दहा होणार नव्हत्या, आणि वर्ष सरल्यावर तिनं दोष स्वतःलाच दिला असता. मग आम्ही वहीत लिहिलं: पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस, जंताचं औषध, मादी पिल्लं विकायची नाहीत. लस कोणत्या महिन्यात टोचायची, डॉक्टर गावात कोणत्या वारी येतात, पैसे कुठून काढायचे, सगळं त्याच पानावर.

तुमच्या धावण्याचंही असंच मांडता येईल. शारीरिक चाचणीच्या ५० गुणांत २० गुण एकट्या १६०० मीटर धावण्याचे आहेत. म्हणून "भरतीत लागायचं" हे खोडा आणि "दर रविवारी १६०० मीटरचा वेळ लिहायचा" असं लिहा. मोबाइलमध्ये नको, भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. येता-जाता आईला दिसलं पाहिजे.

शेतीतही पंधरा क्विंटलऐवजी कामं लिहा. जानेवारीपर्यंत वेचणी उरकून पऱ्हाटी (कापसाची झाडं) उपटायची, फरदड, म्हणजे त्याच झाडांवर पुन्हा घेतलेलं पीक, ठेवायची नाही, म्हणजे गुलाबी बोंडअळीला पुढच्या हंगामापर्यंत आसरा मिळत नाही. शेत मोकळं असताना उन्हाळ्यात मातीचा नमुना काढायचा. सोयाबीनचं बियाणं घरचं असेल तर पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण पाहायची, ७० पेक्षा कमी उगवले तर एकरी बियाणं वाढवावं लागतं. आणि ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडल्याशिवाय तिफणीला हात लावायचा नाही. यातलं एकही काम बाजारभावावर अडत नाही.

आता तारखेचं. १ जानेवारीला आपल्याकडे वर्ष कुठे सुरू होतं? कापूस अजून वेचायचा असतो, तूर सोंगायला आलेली असते, हरभऱ्याला घाटे धरलेले असतात. गव्हाला पाणी द्यायचं तर लाइन कधी रात्रीची येते. रात्रभर बारे फिरवून आलेल्या माणसानं पहाटे पाचला उठून धावायचं म्हटलं तर ते आठवडाभरसुद्धा चालणार नाही, आणि त्याला आळस म्हणणं मला पटत नाही. आपल्याकडे सालगडी पाडव्याला ठरतो, कारण तेव्हा शेतं मोकळी झालेली असतात आणि मागचा हिशोब मिटलेला असतो. तुम्हीही वर्षाचे तसेच तुकडे पाडा. आतापासून पाडव्यापर्यंत एकच संकल्प, तोही लहान. तो टिकला तर पाडव्याला दुसरा जोडा, उन्हाळ्यात धावणं वाढवता येईल, फक्त ऊन चढायच्या आत. मृगापासून पोळ्यापर्यंत पेरणी, निंदण, डवरण, फवारणी यांत माणूस पिळून निघतो, त्या दिवसांत नवीन काही धरू नका, धरलेलं सुटू देऊ नका. पोळा झाला की जरा उसंत मिळते, तेव्हा पुन्हा कॅलेंडर काढा.

मग पहिला संकल्प कोणता? माझं मत स्पष्ट आहे, खर्रा. तो सुटला तर धावताना दम टिकेल आणि साठवायच्या पैशांची सोयही त्यातूनच होईल. दिवसाला दोन खर्रे, एक २० रुपयांचा धरला तरी महिन्याचे १,२०० रुपये होतात. पोस्टाची आवर्ती ठेव महिना १०० रुपयांपासून उघडते, पाच वर्षांची असते. खातं आधी उघडा आणि मगच सोडायचा दिवस धरा, म्हणजे वाचलेला पैसा दुसरीकडे जाणार नाही.

पहिले काही दिवस जड जातात, चिडचिड होते, झोप नीट लागत नाही. घरच्यांना आधीच सांगून ठेवा म्हणजे त्यांचा गैरसमज होणार नाही. तलफ आली की ती काही मिनिटांत ओसरते, तेवढ्यापुरती बडीशेप किंवा ओवा तोंडात टाका, पाणी प्या, हाताला काम द्या. पानठेल्यावरच्या दोस्तांना उघड सांगा की पाडव्यापर्यंत मी तिथे बसणार नाही, तुम्ही घरी या, चहा माझ्याकडे. मध्येच एखाद्या दिवशी खाल्ला गेला तर कॅलेंडरवर रेघ मारा आणि दुसऱ्या दिवसापासून पुढे चला, संकल्प मोडला असं समजून सोडून देऊ नका. तंबाखू सोडणाऱ्यांसाठी १८००-११-२३५६ हा सरकारी टोल फ्री नंबर आहे, समुपदेशक बोलतात, पैसे लागत नाहीत.

आणि भाऊ, खर्रा खाता म्हणून सांगते, आजच आरशासमोर उभे राहा. तोंड पूर्ण उघडून हाताची तीन बोटं उभी आत जातात का पाहा. जात नसतील, तिखट लागलं की आग होत असेल किंवा गालाच्या आत पांढरा चट्टा दिसत असेल, तर १ जानेवारीची किंवा पाडव्याची वाट न पाहता याच आठवड्यात ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात दाताच्या डॉक्टरांना दाखवा.