आभार मानताना जीभ अडखळते, तेव्हा

म्हापशाहून एका भगिनीचे पत्र आले आहे. बोटीवर नोकरी करणारे त्यांचे पती पक्षाघातामुळे अंथरुणाला खिळले आहेत. शुक्रवारच्या प्रार्थनासभेत प्रत्येकाने उठून देवाचे आभार मानायचे असतात; त्याही उठतात, ठरलेले शब्द बोलतात आणि देवासमोर खोटे बोललो या विचाराने रात्रभर तळमळत राहतात. ‘विश्वास कमी पडतो म्हणून गुण येत नाही,’ असेही त्यांना तिथे कुणी सुनावले आहे. पेज भरवल्यावर पती ‘देव बरें करूं’, म्हणजे कोंकणीत ‘धन्यवाद’, म्हणतात, तेव्हा त्यांना राग येतो. आपण कृतघ्न आहोत का आणि आता आशा तरी कशाची धरायची, असे त्या विचारतात.

प्रिय भगिनी,

तुम्ही कृतघ्न नाही. नवऱ्याच्या आजारपणाबद्दल तुम्ही देवाचे आभार मानावेत, अशी अपेक्षा बायबल तुमच्याकडून करते, असे मला वाटत नाही. बायबलमधल्या एका पत्रात संत पौल थेस्सलनीका शहरातल्या ख्रिस्ती लोकांना सर्व स्थितीत उपकारस्तुती करायला सांगतो, याचा अर्थ संकटातही देवाशी बोलणे थांबवू नका असा मी घेते. संकटालाच वरदान म्हणा, असा नव्हे. ज्या रात्री प्रभू येशूला धरून देण्यात आले, त्याच रात्री त्याने भाकर हाती घेऊन पित्याचे आभार मानले, आणि ती रात्र सरायच्या आत गेथशेमाने बागेत ‘हा प्याला माझ्यापासून टळून जावो’ अशी विनवणीही केली. प्रत्येक मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, आपण त्या रात्रीचे स्मरण करतो. त्याच्या आभारांना त्या विनवणीने उणेपणा आला नाही, मग तुमच्या अश्रूंनी तुमची श्रद्धा खोटी कशी ठरेल?

विश्वास कमी पडल्याचे जे तुम्हाला सांगितले गेले, ते मला फार लागले. जन्मांध माणसाकडे पाहून शिष्यांनी ‘पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे?’ असे विचारले, तेव्हा येशूने दोन्ही नाकारले. पौलाने आपल्या शरीरातला काटा, म्हणजे सततची पीडा, निघावा म्हणून तीनदा प्रार्थना केली. काटा राहिला, कृपा पुरेशी आहे एवढे उत्तर मिळाले. त्याचा विश्वास तोकडा होता, असे कोणी म्हणेल का?

आता आशेविषयी. गोव्यात राहून कणसांचे फेस्त, म्हणजे नव्या पिकाचा सण, तुम्ही पाहिलेच असेल. सासष्टीतल्या राय गावात ५ ऑगस्टला भाताची नवी कणसे आशीर्वादित होतात, तेव्हा बहुतेक शेतांत पीक उभे असते, पाऊस सरलेला नसतो, आणि कापणी, मळणी सगळे पुढेच असते. कोठारात धान्य येण्याची वाट न पाहता शेतकरी हाती आलेल्या मूठभर कणसांसाठी आभार मानतो, आणि उरलेल्या पिकाची काळजीही करतो. ख्रिस्ती आशा मला अशीच वाटते. जे डोळ्यांना दिसते त्याची आशा कोण धरील, असे पौल रोमकरांना विचारतो. तुमचे पती उठून चालतील, असे वचन मी देऊ शकत नाही, आणि ते देणाऱ्यांपासून तुम्ही सावध राहावे, असे मला मनापासून वाटते. औषधोपचार आणि व्यायाम नेटाने चालू ठेवा; त्यांत खंड पडू देणे म्हणजे श्रद्धा नव्हे.

पुढच्या शुक्रवारी सभेत आभाराची साक्ष देऊ नका. तुमची पाळी आली की बायबलमधले तेरावे स्तोत्र वाचा आणि खाली बसा. ‘हे परमेश्वरा, कुठवर?’ या आर्त प्रश्नाने ते सुरू होते, आणि शेवटच्या ओळींत भरवसा असला, तरी तक्रार तिथे खोडलेली नाही. तेही जड गेले, तर अठ्ठ्याऐंशीवे आहे. ते अंधारातच संपते, तरीही ती प्रार्थनाच आहे. चर्चच्या फादरना घरी बोलवा. आजाऱ्याला कम्युनियन, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर, देण्यासाठी ते येतात, आणि त्या निमित्ताने तुम्हालाही चार शब्द मोकळेपणाने बोलता येतील. शुश्रूषा करणाऱ्या बाईची विचारपूस सहसा कोणी करत नाही, म्हणून ती तुम्ही मागून घ्या.

राहिला पतींवरचा राग. ‘देव बरें करूं’ हे ते तुम्हाला म्हणतात, भगिनी; त्यांच्या हाती आता देण्यासारखे तेवढेच उरले आहे. तो राग त्यांच्यापासून लपवू नका. कदाचित तेही तुमच्यासमोर आपला राग गिळत असतील, आणि तुम्ही आधी बोललात तर त्यांनाही बोलायला वाट मिळेल.