समस्या दुसऱ्याच्या मशीनवर पोचली पाहिजे

प्रिय,

तुझा मेसेज मिळाला. विनफॉर्म्सचा (डॉटनेटवर बनवलेला खिडक्या-बटणांचा डेस्कटॉप) प्रोग्रॅम तुझ्याकडे नीट चालतो, क्लायंटकडे एक्सेल इम्पोर्ट करताना एरर येते, टीममध्ये दोघांना विचारलं पण काही निष्पन्न झालं नाही, एवढंच त्यात आहे. त्या दोघांवर नाराज होऊ नकोस. त्यांच्यासमोर क्लायंटचं मशीन नव्हतं आणि एररचा मजकूरही नव्हता, त्यामुळे ‘रीइन्स्टॉल करून बघ’ यापलीकडे ते काय सांगणार? वेबचा बराचसा कोड आपल्याच सर्व्हरवर चालतो. डेस्कटॉपचा प्रोग्रॅम परक्या घरात चालतो: तिथलं विंडोज, तिथलं ऑफिस, तिथला अँटिव्हायरस, तिथलं तारखेचं सेटिंग. मदत मागायची म्हणजे त्या परक्या घरातली परिस्थिती सहकाऱ्यापर्यंत पोचवायची. हे जमलं की निम्म्या वेळा कुणाला विचारायची गरजच उरत नाही.

सुरुवात एररच्या पूर्ण मजकुरापासून कर. ‘डेटाबेसची काहीतरी एरर आली’ हा मजकूर नव्हे. मोबाइलने काढलेला स्क्रीनचा फोटोही नको, त्यातून कुणाला काही शोधता येत नाही. विंडोजचा साधा मेसेज बॉक्स समोर असताना कंट्रोल-सी दाबलं की शीर्षकासकट सगळा मजकूर कॉपी होतो. क्लायंटच्या ऑपरेटरला फोनवरून एवढं सांगता येतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तुझ्या कॅच ब्लॉकमध्ये, म्हणजे चालताना आलेली चूक (एक्सेप्शन) पकडणाऱ्या कोडमध्ये, काय लिहिलंय ते बघ. बहुतेक ठिकाणी एक्सेप्शनचा फक्त ‘मेसेज’ दाखवलेला असतो. त्याऐवजी एक्सेप्शनवर ‘टूस्ट्रिंग’ बोलावून तो सगळा मजकूर लॉग फाइलमध्ये लिही. त्यात एक्सेप्शनचा प्रकार, आतलं इनर एक्सेप्शन (मूळ चूक) आणि स्टॅक ट्रेस (कोड कुठून कुठे येऊन अडला त्याची यादी) असं सगळं येतं. ‘टाइप इनिशियलायझर थ्रू अॅन एक्सेप्शन’ असा मेसेज आला तर खरं कारण हमखास इनर एक्सेप्शनमध्ये असतं. वरचं वाक्य वाचून काहीच कळत नाही. पकडलेलं एक्सेप्शन पुढे पाठवताना नुसतं ‘थ्रो’ लिही. ‘थ्रो ईएक्स’ लिहिलं की स्टॅक ट्रेस त्या ओळीपासून नव्याने सुरू होतो आणि मूळ जागा हरवते. रिकामा कॅच ब्लॉक कुठे दिसला तर तो आजच काढ. डेस्कटॉपच्या कोडमध्ये सगळ्यात जास्त तास तोच खातो.

आता तुझीच केस घेऊ. ती फार नेहमीची आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. मजकूर बहुधा असा असेल: ‘मायक्रोसॉफ्ट.एसीई.ओएलईडीबी.१२.० प्रोव्हायडर इज नॉट रजिस्टर्ड ऑन द लोकल मशीन’. म्हणजे एक्सेलची फाइल वाचून देणारा भाग (प्रोव्हायडर) या मशीनवर नोंदलेला नाही. हे वाचून लोक म्हणतात, ऑफिस तर बसवलेलं आहे, मग रजिस्टर्ड नाही कसं? प्रश्न बिटांचा असतो. ६४ बिटच्या प्रोसेसला (चालू प्रोग्रॅमला) ३२ बिटचा प्रोव्हायडर लोड करता येत नाही आणि ३२ बिटच्या प्रोसेसला ६४ बिटचा. जुन्या ऑफिसच्या आवृत्त्या बहुतेक ३२ बिट बसवल्या जायच्या. ऑफिस २०१९ पासून ६४ बिट हा मूळ पर्याय झाला, त्यामुळे एकाच क्लायंटच्या दोन मशीनवर दोन प्रकार सापडतात.

तीन गोष्टी तपास. एक्सेलमध्ये फाइल, अकाउंट, अबाउट एक्सेल इथे गेलं की ३२ की ६४ हे लिहिलेलं दिसतं. टास्क मॅनेजरच्या डिटेल्समध्ये कॉलमच्या शीर्षकावर राइट क्लिक करून ‘प्लॅटफॉर्म’ हा कॉलम आण, मग तुझा प्रोग्रॅम कितीचा चालतोय ते दिसेल. आणि व्हिज्युअल स्टुडिओत प्रोजेक्टच्या बिल्ड सेटिंगमध्ये प्लॅटफॉर्म टार्गेट आणि ‘प्रीफर ३२-बिट’ ही खूण बघ. हे सेटिंग डीबग (तू तपासताना चालवतोस तो बिल्ड) आणि रिलीज (क्लायंटला देतोस तो) यांसाठी वेगवेगळं साठवलं जातं. डीबगमध्ये खूण आहे आणि रिलीजमध्ये नाही, एवढ्यावरही ‘माझ्याकडे चालतं’ घडू शकतं.

उपाय दोन. एक, क्लायंटच्या ऑफिसशी जुळणारा बिल्ड द्यायचा. पण काही क्लिक-टू-रन पद्धतीच्या ऑफिसमध्ये बिट जुळूनही बाहेरच्या प्रोग्रॅमला प्रोव्हायडर दिसत नाही, आणि हाच प्रोव्हायडर वेगळा देणारं दुसऱ्या बिटचं अॅक्सेस डेटाबेस इंजिन बसवायला गेलं तर इन्स्टॉलर नकार देतो. तो नकार चुकवून रेटून बसवण्याच्या युक्त्या लोक सांगतील. त्या वापरू नकोस, उद्या क्लायंटचं एक्सेल बिघडलं तर बोल तुला लागेल. दुसरा उपाय मला जास्त पटतो: ऑफिसवर अवलंबूनच राहायचं नाही. एक्सएलएसएक्स फाइल थेट वाचणारी क्लोज्डएक्सएमएल लायब्ररी आहे. जुन्या एक्सएलएस फाइलीही येत असतील तर एक्सेलडेटारीडर घे. मग क्लायंटकडे ऑफिस असो नसो, इम्पोर्ट चालतं.

बघ, या केसमध्ये सहकाऱ्याला लागणारी माहिती किती थोडी होती: एररचं एक वाक्य, ऑफिसचे बिट, प्रोसेसचे बिट. तेवढं पाठवलं असतंस तर दोघांपैकी कुणीही पाच मिनिटांत उत्तर दिलं असतं. म्हणून कुठलाही प्रश्न विचारताना हे सोबत लिहायची सवय लाव: विंडोजची नेमकी आवृत्ती (विंडोज-आर दाबून ‘विनव्हर’), डॉटनेट फ्रेमवर्क ४.८ आहे की डॉटनेट ८, प्रोग्रॅम स्टुडिओतून चालवल्यावर बिघडतो की ईएक्सई थेट चालवल्यावर, प्रत्येक वेळी की कधीकधी, आणि शेवटचं कधी नीट चालत होतं. शेवटचा मुद्दा गिटमध्ये, म्हणजे कोडच्या प्रत्येक बदलाची (कमिटची) नोंद ठेवणाऱ्या साधनात, तर फार कामाचा. ‘गिट बायसेक्ट’ दर पायरीला निम्मे कमिट बाद करतं, म्हणजे १००० कमिटांतून बिघडवणारा कमिट साधारण १० तपासण्यांत सापडतो. ‘काहीच बदललं नव्हतं’ हे वाक्य त्यानंतर कुणी म्हणत नाही.

काही वेळा एररच येत नाही, प्रोग्रॅम नुसता नाहीसा होतो. तेव्हा इव्हेंट व्ह्यूअर उघड, विंडोज लॉग्जमधला अॅप्लिकेशन विभाग बघ. ‘डॉटनेट रनटाइम’ आणि ‘अॅप्लिकेशन एरर’ या दोन नावांच्या नोंदी शोध. दुसरीत फॉल्टिंग मॉड्यूलचं नाव आणि एक्सेप्शन कोड असतो. ई०४३४३५२ म्हणजे डॉटनेटचंच न पकडलेलं एक्सेप्शन, त्याचा तपशील पहिल्या नोंदीत मिळतो. सी००००००५ हा कोड म्हणजे मेमरीत नको तिथे हात घातला गेला. मॉड्यूलचं नाव प्रिंटर ड्रायव्हरचं किंवा एखाद्या जुन्या ओसीएक्सचं (बाहेरून आणलेल्या कंट्रोलचं) असेल तर तुझ्या सी शार्पच्या ओळी तपासत बसू नकोस.

डीएलएल (प्रोग्रॅमला लागणारी कोडची वेगळी फाइल) किंवा दुसरी फाइल सापडत नसल्याचा संशय असेल तर मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स साधनांमधलं प्रोसेस मॉनिटर वापर. फिल्टरमध्ये फक्त तुझ्या प्रोसेसचं नाव ठेव. ‘नेम नॉट फाउंड’ च्या शेकडो ओळी दिसतील, घाबरू नकोस. विंडोज एकेक डीएलएल अनेक फोल्डरांत शोधत जातं, तेव्हा आधीच्या फोल्डरांत न सापडणं साहजिक आहे. जी डीएलएल शेवटपर्यंत एकदाही ‘सक्सेस’ झाली नाही तीच संशयित. एरर दिसल्याच्या क्षणापासून मागे वाचत जा.

प्रोग्रॅम गोठत असेल, ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ होत असेल, तर सहकाऱ्याला हवा असतो मेन थ्रेडचा (खिडकी आणि बटणं सांभाळणाऱ्या धाग्याचा) कॉल स्टॅक, म्हणजे तो त्या क्षणी कोडमध्ये कुठे अडलाय त्याची यादी. डीबगरमध्ये ‘ब्रेक ऑल’ दाब, थ्रेड्सच्या खिडकीत मेन थ्रेड निवड, कॉल स्टॅक कॉपी करून पाठव. क्लायंटकडे स्टुडिओ नसतो, तिथे सिसइंटर्नल्सच्याच प्रॉकडम्पने ‘-एमए’ देऊन पूर्ण डम्प (प्रोसेसच्या मेमरीची प्रत) घे. पण लक्षात ठेव, पूर्ण डम्पमध्ये त्या क्षणीची सगळी मेमरी असते: ग्राहकांची नावं, कनेक्शन स्ट्रिंग (डेटाबेसला जोडायची माहिती), पासवर्ड. तो टीमबाहेर द्यायचा नाही. कोडचा तुकडा पाठवतानाही कनेक्शन स्ट्रिंग आधी पुसायची.

गोठण्याचं नेहमीचं कारण सांगतो, कारण त्यात छोटा नमुना कसा बनवावा हेही कळतं. बटणाच्या क्लिकमध्ये एखादी असिंक (थ्रेड न अडवता चालणारी) पद्धत बोलावून तिच्यावर ‘.रिझल्ट’ लावलं की यूआय थ्रेड (तोच मेन थ्रेड) उत्तराची वाट बघत थांबतो. आतल्या ‘अवेट’नंतरचा कोड मात्र परत त्याच यूआय थ्रेडवर यायला बघतो. दोघे एकमेकांसाठी अडून बसतात. उपाय म्हणजे क्लिक हँडलरच ‘असिंक व्हॉइड’ करून आत ‘अवेट’ लिहायचं. इव्हेंट हँडलर ही असिंक व्हॉइडची योग्य जागा आहे. आता तू सहकाऱ्यासाठी छोटा नमुना म्हणून हाच कोड कन्सोल प्रोजेक्टमध्ये घातलास तर तो मुळीच गोठणार नाही. कन्सोलमध्ये परत यायला यूआय थ्रेडच नाही. सहकारी म्हणेल, माझ्याकडे चालतंय. म्हणून नमुना छोटा कर, पण बिघाडाला जे लागतं ते त्यात राहू दे. रिकामा फॉर्म, एक बटण, वीसेक ओळी, डेटाबेसच्या जागी ‘टास्क.डिले’. एकेक गोष्ट काढत जा आणि प्रत्येक वेळी चालवून बघ. जे काढल्यावर बिघाड गेला, तिथेच कारण आहे.

मदत मागितली की सल्लेही येतात. काहींपासून जपून राहा. ‘रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर कर’ हा त्यातला पहिला. त्याने चालतं, कारण प्रोग्रॅम प्रोग्रॅम फाइल्सच्या फोल्डरमध्ये लिहायला बघतो आणि साध्या युजरला ती परवानगी नसते. खरा उपाय म्हणजे सेटिंग आणि लॉग अॅपडेटात ठेवणं, आणि सगळ्या युजरना सामायिक असेल ते प्रोग्रॅमडेटात, तिथे लिहायची परवानगी इन्स्टॉलरमधूनच देऊन. अॅडमिन करून दिलेला प्रोग्रॅम आणखी एक घोळ घालतो: युजरने जोडलेला झेड ड्राइव्ह त्याला दिसत नाही. मग ‘नेटवर्क गेलं’ म्हणून नवी तक्रार सुरू.

दुसरा सल्ला क्रॉस-थ्रेडच्या (बटण, ग्रिड अशा कंट्रोलला दुसऱ्याच थ्रेडवरून हात लावल्याच्या) एररवर ‘चेकफॉरइल्लीगलक्रॉसथ्रेडकॉल्स फॉल्स कर’ असा. ही तपासणी मुळात डीबगर जोडलेला असतानाच चालू असते. म्हणून स्टुडिओत एरर येते आणि थेट ईएक्सई चालवला तर येत नाही. चूक मात्र दोन्हीकडे तीच असते. ती क्लायंटकडे कधी अर्धवट रंगलेल्या ग्रिडच्या रूपात दिसते, कधी मध्येच गोठण्याच्या. कंट्रोलला हात लावणारी ओळ ‘इन्व्होक’मधूनच, म्हणजे यूआय थ्रेडवरच, चालव.

सल्ला आला की एका वेळी एकच बदल करून बघ. तीन बदल एकदम केलेस आणि चाललं, तर कशाने चाललं ते कुणालाच कळणार नाही. आणि तुझा मूळ हेतू सांगायला विसरू नकोस. ‘स्ट्रिंगमधली पहिली दोन अक्षरं आणि पुढची दोन अक्षरं कशी अदलाबदल करू’ असं विचारलंस तर लोक तेवढंच सांगतील. ‘तारखेत दिवस आणि महिना उलटे येतात’ असं सांगितलंस तर कुणीतरी विचारेल की क्वेरीत (डेटाबेसला दिलेल्या आज्ञेत) तारीख मजकूर म्हणून जोडून लिहिलीस की पॅरामीटरने वेगळी दिलीस. जोडून लिहिलेली १३/०४ अमेरिकन सेटिंगवर एरर देते, ते बरं. ०५/०४ मुकाट्याने ४ मे म्हणून जमा होते, आणि ते महिनाअखेरीच्या हिशेबातच कळतं.

तसंच मराठी नावांचं. बिलावर ग्राहकाचं नाव ‘?????’ छापलं तर फॉन्टच्या मागे लागण्याआधी टेबल उघडून बघ. टेबलातच प्रश्नचिन्हं असतील तर कॉलम व्हारचार (युनिकोड नसलेला प्रकार) आहे, किंवा एनव्हारचार (युनिकोडचा प्रकार) असूनही क्वेरीत मजकुराआधी ‘एन’ लिहिलेला नाही. जे प्रश्नचिन्ह होऊन बसलं ते परत अक्षर होत नाही, म्हणून हा दोष सापडला की आधी नोंदी थांबव, मग कॉलम बदल, आणि जुनी नावं कागदी रजिस्टरवरून पुन्हा भर. टेबलात नावं नीट असतील आणि छापताना चौकोन येत असतील, तरच फॉन्ट आणि रिपोर्टकडे वळ.

उत्तर सापडलं की ज्यांना विचारलं होतंस त्यांना कळव, आणि ‘झालं, थँक्स’ एवढंच नको. कारण काय निघालं, कुठली ओळ बदलली, काय करून बघितलं पण उपयोग झाला नाही, हे दोन-चार वाक्यांत लिही आणि तेच कमिटच्या मेसेजमध्येही टाक. तपासणीसाठी घातलेली लॉगिंग, बदललेलं बिल्ड सेटिंग, बंद केलेला अँटिव्हायरस, सगळं पूर्ववत कर आणि मग रिलीज बिल्ड क्लायंटच्याच मशीनवर, त्यांच्याच साध्या युजरने, त्यांचीच एक्सेल फाइल घेऊन एकदा चालवून बघ.

तुझा,
एक जुना सहकारी