टेम्पे तेलकट झालं आणि मेयोनीजचं ताक झालं!

प्रश्न : ताई, माझी मुलगी बंगळूरला नोकरी करते, वर्षभरापासून व्हेगन झालीये, म्हणजे दूध दही तूप पनीर सगळं बंद. यावेळी येताना टेम्पेची दोन पाकिटं घेऊन आली आणि म्हणाली, आई पनीरसारखंच कर. मी पनीर पकोड्याला करते तसे जाड चौकोन कापले आणि बेसनात बुडवून तळले, तर बाहेरून तेलकट मऊ, आतून कोरडे आणि चवीला कडवट. सोबत मेयोनीज म्हणून बदामाच्या दुधात तेल घालून बराच वेळ ब्लेंडर फिरवला, पण ताकासारखं पातळच राहिलं. दुसरं पाकीट फ्रीजरमध्ये आहे आणि त्यावर काळे ठिपके दिसतायत. टाकून देऊ का?
— एक आई, नाशिक

उत्तर : आधी ठिपक्यांचं सांगते, नाहीतर माझं उत्तर वाचेपर्यंत पाकीट कचऱ्यात गेलेलं असायचं. टाकू नका! टेम्पे म्हणजे सोयाबीनची सालं काढून, शिजवून, त्यावर रायझोपस नावाची बुरशी मुद्दाम वाढवलेली असते, एक-दोन दिवस उबेत ठेवलं की पांढरी जाळी धरते आणि सगळे दाणे एकमेकांना घट्ट चिकटून वडी होते. पिशवीला बारीक भोकं असतात तिथे हवा जास्त लागते आणि बुरशी पिकून काळी-करडी पडते, बाकी काही नाही. पण गुलाबी किंवा हिरवट डाग दिसले, वडी बुळबुळीत लागली किंवा अमोनियासारखा भपकारा आला तर मात्र सरळ टाका, तिथे काटकसर नको.

आता तळण्याचं. सगळी गडबड "पनीरसारखं कर" या वाक्यात आहे. पनीरला स्निग्धपणा असतो, जाड तुकडाही आत मऊ राहतो. टेम्पे दाण्यांचं, जाड कापलं की आत कोरडं भुसभुशीत लागणारच, आणि वरून बेसनाचं जाड आवरण दिलं की टेम्प्यातली वाफ त्या आवरणातच मुरते, म्हणून मऊ पडतं. पनीर विसरा आणि सुरणाची कापं आठवा. अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा जाड नको.

टेम्पे मूळचं जावा बेटावरचं, तिथे घरोघरी रोज तळतात आणि बऱ्याचदा पीठबीठ काही लावतच नाहीत. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकू जकार्त्यात चार वर्षं राहून आल्यात, त्यांच्याकडून मी शिकले. चार-पाच लसूण पाकळ्या, एक चमचा धने आणि मीठ वाटायचं, कपभर पाण्यात कालवायचं, चिमूटभर हळद, आणि त्यात कापं वीस मिनिटं बुडवून ठेवायची. पाणी खारट लागलं पाहिजे, नुसतं मिठाचं नाव नको. मग निथळून फडक्यावर पसरा आणि वरून दुसरं फडकं दाबा. मी पहिल्यांदा हे दाबणं टाळलं, ओली कापं तशीच कढईत सोडली आणि तेल असं उडालं की गॅसमागच्या टाइल्स दुसऱ्या दिवशीपर्यंत पुसत होते. कढईत गर्दी करू नका, मध्यम-मोठ्या आचेवर तळा, आधी भरपूर बुडबुडे येतात, ते कमी होत गेले की समजा पाणी उडालं, गडद सोनेरी झालं की काढा. पीठ हवंच असेल तर तांदळाचं पीठ कोरडंच भुरभुरवा, बेसन नको.

कडवटपणा टेम्पे जुनं होत जातं तसा वाढतो. तुमचं पाकीट रात्री फ्रीजरमधून खाली फ्रीजमध्ये काढून ठेवा, सकाळी दहा मिनिटं वाफवा, कापा आणि मग त्या लसणाच्या पाण्यात घाला.

आणि हो, मऊ टेम्पे म्हणजे बिघडलेलंच असं नाही बरं का! जावातल्याच बान्युमास भागात तेम्पे मेंदोआन करतात, पातळ काप, तांदळाच्या पिठाचं पातीचा कांदा घातलेलं आवरण, आणि मुद्दाम अर्धवट तळलेलं. मेंदो म्हणजेच तिकडच्या बोलीत अर्धकच्चं. तेव्हा पाहुण्यांसमोर पुन्हा मऊ पडलं तर बिनधास्त मेंदोआन म्हणून वाढा.

मेयोनीजचं म्हणाल तर बदामाच्या दुधात तेल धरून ठेवायला दम नसतो, बाजारच्या बदामदुधात बदाम असतात तरी किती! बिनसाखरेचं सोयादूध घ्या, एक वाटी दुधाला दोन वाट्या तेल, दोन्ही एकाच तापमानाला, उंच भांड्यात हँड ब्लेंडर तळाशी टेकवून सुरू करा आणि हळूहळू वर घ्या, लिंबू शेवटी.

पण खरं सांगू? तळणाबरोबर वर दोन वाट्या तेल कशाला? दाण्याचा सॉस करा. जावात पेचेल नावाचा प्रकार असतो, उकडलेल्या भाज्यांवर शेंगदाण्याचा सॉस आणि बाजूला तळलेलं टेम्पे, तिथूनच मी हे उचललं. अर्धी वाटी भाजून सोललेले दाणे गरम पाण्यात पंधरा मिनिटं भिजवायचे, मग दोन लाल मिरच्या, एक लसूण पाकळी, चिंचेचा कोळ, गूळ, मीठ आणि पाव वाटी नारळाचं दूध घालून मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात वाटायचं, मोठ्या भांड्यात दाणे नुसते कडेला उडतात आणि सॉस रवाळ राहतो. पूर्ण गुळगुळीत होईपर्यंत थांबून थांबून फिरवा. ठेवल्यावर घट्ट होतो, चमचाभर गरम पाणी घालून सैल करायचा.

इंडोनेशियन सांबालची (तिकडच्या मिरचीच्या चटणीची) तयार बाटली आणणार असाल तर लेबल वाचून घ्या, पुष्कळांत तेरासी म्हणजे आंबवलेली कोळंबी असते. मध पण व्हेगन लोकांना चालत नाही. गूळ चालतो.