हार्ड डिस्क गेली म्हणण्याआधी बोर्डावरचा गोल सेल पाहा

भाऊ, तुमची हार्ड डिस्क गेलेली नाही असं मला वाटतं. नवीन घ्यायची घाई करू नका, आणि फॉरमॅट तर कोणालाच मारू देऊ नका.

तुम्ही लिहिलंय ते असं. दारव्ह्याकडच्या गावात सेवा केंद्र आहे, वादळानं रात्रभर लाइन गेली, सकाळी सीपीयू चालू केला तर काळ्या पडद्यावर 'रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस'. तालुक्याला मेकॅनिककडे नेला, त्यानं काहीतरी दाबलं आणि तिथे विंडोज चालू झालं. घरी आणून लावला तर पुन्हा तेच. परत नेला तेव्हा तो म्हणाला, डिस्क गेली, नवीन टाका. आणि जाता जाता तुम्ही हेही लिहिलंय की दुकानात चालू झाला तेव्हा तारीख २०१२ ची दाखवत होता आणि बँकेची साइट काही उघडत नव्हती. तुम्हाला ती वेगळी भानगड वाटली. माझ्या मते तीच मुख्य भानगड आहे.

मदरबोर्डावर रुपयाच्या नाण्यासारखा एक गोल सेल असतो, सीआर२०३२ नावाचा, ३ व्होल्टचा. घड्याळ आणि बायोसची (विंडोजच्या आधी चालू होणारा बोर्डातलाच प्रोग्रॅम) सेटिंग त्याच्या जिवावर टिकतात. पण वायर लावलेली आणि लाइन चालू असली, की सीपीयू बंद असतानाही एसएमपीएसमधून (डब्यातल्या पॉवर सप्लायमधून) बोर्डाला थोडा करंट मिळत राहतो, तेवढा वेळ सेलला काम नसतं. म्हणून जिथे लाइन जात नाही तिथे सेल मेला तरी वर्ष वर्ष कळत नाही. आपल्याकडे संध्याकाळी दुकान बंद करताना मेन बटन बंद करायची सवय, वरून लाइनचा भरवसा नाही. मग सेल मेला की बायोस सगळं विसरतो, घड्याळ मागे जातं आणि डिस्कचा क्रम, म्हणजे विंडोज आधी कुठल्या डिस्कवर शोधायचं ते, कारखान्यातून आला तसा होतो. मेकॅनिकनं दुकानात क्रम नीट लावला, म्हणून तिथे चालला. त्यानं वायर काढून सीपीयू तुमच्या हातात दिला आणि गाडीवरच तो क्रम पुसला गेला. साइट न उघडण्याचंही कारण तेच. साइटच्या सुरक्षा प्रमाणपत्राला मुदत असते, तुमचं घड्याळ २०१२ दाखवत असेल तर ब्राउझर ते प्रमाणपत्र मानत नाही.

आता क्रम बदलल्यानं एवढं का अडावं? कारण तुमच्या डब्यात दोन डिस्क आहेत. एक ५०० जीबीची विंडोजवाली, दुसरी जुनी १६० जीबीची, जिच्यात फक्त स्कॅन आणि फोटो आहेत. बायोस पहिले जुनीकडे जातो, तिथे त्याला विंडोज सापडत नाही आणि तो हात वर करतो.

चालू करताच डिलीट बटन दाबत राहा (काही बोर्डांवर एफ२ असतं), बायोस उघडेल. तिथे दोन्ही डिस्कची नावं आणि जीबी दिसतात का ते पाहा. सगळा निकाल इथेच लागतो. दिसत असतील तर बूटच्या पानावर या. तुमच्यासारख्या एच६१ चिपच्या बोर्डांवर इथे बरेच जण फसतात, कारण बूट ऑप्शनच्या यादीत हार्ड डिस्कचं एकच नाव दिसतं. दुसरी डिस्क त्या यादीत सापडतच नाही, आणि माणूस म्हणतो डिस्क मेली. खाली 'हार्ड ड्राइव्ह बीबीएस प्रायॉरिटीज' अशी ओळ असते, तिच्यावर एंटर मारा. आत दोन्ही डिस्क असतील. ५०० वाली वर घ्या, तारीख-वेळ नीट लावा आणि एफ१० नं सेव्ह करून बाहेर पडा. विंडोज सुरू झालं, तर डिस्क शाबूत आहे.

विंडोजचा लोगो येऊन निळा पडदा आला आणि त्यावर 'इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' किंवा शेवटी ७बी असलेला आकडा असला, तर बायोसमधलं साटा मोड, म्हणजे बोर्डानं डिस्कशी बोलायची पद्धत, बदललं गेलंय. आयडीई असेल तर एएचसीआय करा, एएचसीआय असेल तर आयडीई. विंडोज टाकताना जे होतं तेच लागतं. त्यासाठी विंडोज पुन्हा टाकायला सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका.

सेल बदलणं सोपं आहे. वायर काढा, पॉवरचं बटन काही सेकंद दाबून धरा म्हणजे उरलासुरला करंट जातो, कडेची बारीक पट्टी नखानं सरकवा, सेल आपोआप वर उचलला जातो. नवा बसवताना अधिकची बाजू वर. घड्याळवाल्याकडेही हा सेल मिळतो. मल्टिमीटर असेल तर जुना मोजून पाहा, २.८ व्होल्टच्या खाली असला तर फेकायचाच.

बायोसमध्ये डिस्क दिसतच नसेल तर मामला वेगळा. तरी पहिले केबल. साटाच्या (डिस्क बोर्डाला जोडणाऱ्या) जुन्या केबलींना खटका नसतो, तालुक्याच्या रस्त्यानं दोन चकरा झाल्यावर त्या सैल होणारच. दोन्ही टोकं काढून परत बसवा, बोर्डावरचं दुसरं पोर्ट वापरून पाहा, १६० वालीची केबल ५०० वालीला लावून पाहा. आत कापसाचा भुगा, पालीची घाण जे काही असेल ते ब्लोअरनं उडवा, पण पंख्याचं पातं बोटानं धरून. मग चालू करून डिस्कवर हलकेच हात ठेवा, आत फिरल्याची थरथर लागायला पाहिजे. थरथर नाही आणि पॉवरचा कनेक्टर बदलूनही नाही, तर डिस्कचं सर्किट गेलं असू शकतं. आणि टक-टक-टक असा ठरावीक आवाज येत असेल तर त्याच क्षणी बंद करा. परत परत चालू करून पाहिलं की आतलं हेड तबकडीवर घासून उरलासुरला डेटाही जातो. डिस्क फ्रीजमध्ये ठेवायचा उपाय व्हॉट्सअॅपवर फिरतो, तो करू नका. अशी डिस्क उघडायला धूळ नसलेली खास खोली लागते. नागपूरला कोणाकडे नेली तर तशी सोय आहे का हे पहिले विचारा.

यांच्या मधलीही एक अवस्था असते. डिस्क दिसते, पण विंडोज अर्ध्यात अडकतं किंवा फाइल उघडायला पाच मिनिटं लागतात. तेव्हा दुसऱ्या कॉम्प्युटरवर उबुंटूचा (विंडोजसारखीच एक मोफत सिस्टीम) पेनड्राइव्ह बनवा आणि तुमचा सीपीयू त्याच्यावरून चालू करा. इन्स्टॉल करू नका, 'ट्राय' निवडा. त्यातल्या 'डिस्क्स' प्रोग्रॅममध्ये डिस्कची स्मार्ट माहिती, म्हणजे डिस्क स्वतःच ठेवते ती तब्येतीची नोंद, दिसते. रीअलोकेटेड सेक्टर (खराब म्हणून बदललेले तुकडे) आणि पेंडिंग सेक्टर (वाचता न आलेले तुकडे) हे दोन आकडे शून्य असले तर बरं. पेंडिंग वाढत चालला असेल तर डिस्क मरायला टेकली, पहिले बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. चेकडिस्क (विंडोजचा डिस्क तपासायचा प्रोग्रॅम), बूट दुरुस्ती, जे काय करायचं ते कॉपीनंतर. चेकडिस्क मरत्या डिस्कवर चालवली की ती तासन्‌तास तिला रगडते आणि सापडलं नाही ते कापून टाकते.

अजून एक, तुम्ही विचारलं नाही तरी सांगतो. तुमच्या डिस्कवर अख्ख्या गावाचे आधार, बँक पासबुक, सातबारे आहेत. ती 'ठेवून जा, उद्या पाहतो' म्हणणाऱ्याकडे ठेवू नका. सीपीयू नेलाच तर डिस्क काढून घरी ठेवा, किंवा समोर बसून काम करून घ्या.

नवीन काही घ्यायचंच असेल तर २५६ जीबीची एसएसडी घ्या, विंडोज तिच्यावर टाका आणि ५०० वाली डेटाला ठेवा. एच६१ वर साटाचा वेग ३ गिगाबिटलाच अडतो, तरी फरक तुम्हाला पहिल्याच दिवशी कळेल. विंडोज ११ मात्र या बोर्डाला मायक्रोसॉफ्टच्या नियमात बसत नाही, आणि १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले. तेव्हा आज ना उद्या बोर्डही बदलावा लागेल, पण तो खर्च या बिघाडाच्या नावावर कोणी टाकू नये. त्याआधी दुकानाची अर्थिंग पाहून घ्या. तुमच्या फोटोत सीपीयू तीन पिनांच्या सॉकेटला आहे, पण डब्याला हात लावला की झिणझिण्या येतात म्हणता, म्हणजे तिसरी पिन नुसती शोभेची आहे.

आज सेल बदला, क्रम लावा, विंडोज सुरू झाल्यावर नीट शटडाऊन करा आणि रात्रभर वायर काढून ठेवा. सकाळी लावल्यावर तारीख बरोबर असली आणि विंडोज सरळ सुरू झालं, तर काम झालं. तारीख पुन्हा मागे गेली असली तर सेलचा होल्डर आणि त्याच्या बाजूचा क्लिअर सीमॉसचा जंपर (बायोसची सेटिंग पुसायची छोटी टोपी), दोघांचा जवळून फोटो काढून इथे टाका, आणि बायोसच्या बूट पानाचाही.