वायर भिंतीत जाण्याआधी

प्रश्न : तळमजला आणि वर दोन मजले असे घराचे बांधकाम चालू आहे, प्लास्टर व्हायचे आहे. फायबरचे कनेक्शन तळमजल्यावर येईल. वरपर्यंत पूर्ण वेग वायरने न्यायचा तर आत्ता काय करून घ्यावे? वायरमन म्हणतो, लाइटच्याच पाइपातून नेऊ. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आधी वायरमनला थांबवा. २३० व्होल्टची तार आणि डेटाची वायर एका पाइपात कधीच नको. आत कुठे इन्सुलेशन सोलले गेले तर वीज थेट तुमच्या लॅपटॉपपर्यंत येईल. डेटासाठी २५ मिमीचा वेगळा पीव्हीसी पाइप टाका, लाइटच्या पाइपापासून वीतभर लांब. ओलांडावेच लागले तर काटकोनात ओलांडा. वळणाला एल्बो लावू नका, लांब बेंड लावा. एल्बोत वायर अडते आणि ओढाओढीत आतल्या पिळलेल्या तारांच्या जोड्या ताणल्या जातात. एका पाइपात चारच वायरी घाला आणि नायलॉनची एक दोरी आत सोडून ठेवा. पाच वर्षांनी तीच उपयोगी पडेल.

सगळ्या वायरी जिन्याखालच्या एका पेटीतून निघाव्यात आणि प्रत्येक पॉइंटला अखंड जाव्यात, मध्ये जोड नको. वरच्या प्रत्येक मजल्यावर टीव्हीमागे दोन, अभ्यासाच्या टेबलाशी एक, छताला वाय-फायसाठी एक असे चार धरा, तळमजल्यावर तीन. झाल्या अकरा. वळणे धरून सरासरी १८ मीटर म्हणजे साधारण २०० मीटर, तेव्हा वायरीची ३०५ मीटरची एक पेटी पुरते. या सगळ्या वायरी राउटरशी जोडणारा डबा म्हणजे नेटवर्क स्विच. तो मात्र १६ पोर्टचा गिगाबिट (१००० एमबीपीएसचा) घ्या. आठचा घेतलात तर राउटरलाच एक पोर्ट जातो, हे लोकांच्या दुकानातून घरी आल्यावर लक्षात येते.

पैसे वाचवायचे तर स्विचवर वाचवा, वायरीवर नको. स्विच उद्या बदलता येतो. वायर शुद्ध तांब्याची कॅट ६ (डेटा वायरीची प्रत), २३ एडब्ल्यूजी (तारेच्या जाडीचे माप) हवी. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर, म्हणजे सीसीए, सर्रास कॅट ६ म्हणून खपवली जाते. एक तार ब्लेडने खरवडा : आत पांढरी चमक दिसली तर पेटी परत करा. ही वायर वाकवताना तुटते, आणि तिचा रोध जास्त असल्याने पीओईने, म्हणजे डेटाच्याच वायरीतून, वीज द्यायची झाली तर तापते. कॅट ६वर १ गिगाबिट १०० मीटरपर्यंत आणि १० गिगाबिट ५५ मीटरपर्यंत जाते. घरात त्याहून जास्त काही लागत नाही. कॅट ७, कॅट ८च्या लेबलांना भुलू नका.

छताच्या पॉइंटला ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायरीतून आलेले नेट वाय-फायने पसरवणारे यंत्र, लावा. जुना राउटरच लावणार असाल तर त्याचे डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटण्याचे काम) बंद करा आणि वायर त्याच्या लॅन (घरातल्या उपकरणांच्या) पोर्टला जोडा, वॅनला (बाहेरून येणाऱ्या इंटरनेटच्या पोर्टला) नाही.

प्रश्न : प्लॅन ३०० एमबीपीएसचा आहे. खाली तेवढा वेग मिळतो, वर वायरने ९४च्या पुढे जात नाही. टेस्टरवर आठही दिवे लागतात. (एक वाचक, सातारा)

उत्तर : ९४ हा आकडाच दोष सांगतो. दोन टोकांमधली जोडणी, म्हणजे लिंक, १०० एमबीपीएसवर जुळली आहे. वायरीत आठ तारा, म्हणजे पिळलेल्या चार जोड्या असतात. १०० एमबीपीएसला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. आधी पॅच कॉर्ड, म्हणजे पॉइंटपासून लॅपटॉपपर्यंतची छोटी वायर, बदलून पाहा. मग स्विच आणि लॅपटॉपचा पोर्ट गिगाबिट आहे ना, ते बघा. दोन्ही ठीक असतील तर दोष टोकांत आहे. दोन्ही टोके कापून नवे कनेक्टर दाबून बसवा (क्रिम्प करा), तारांचा क्रम असा : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडू नका.

दिवे लागतात याला फार अर्थ नाही. स्वस्त टेस्टर फक्त तार या टोकापासून त्या टोकाला पोचते का, एवढेच पाहतो. अनेक जण जोड्या ओळीने लावत जातात, नारिंगीशेजारी हिरवा, मग निळा. दोन्ही टोकांना तोच क्रम असल्याने टेस्टर खूश होतो. पण कनेक्टरच्या ३ आणि ६ नंबरच्या पिनांना एकाच पिळाच्या तारा असायला हव्यात. तिथे दोन वेगळ्या जोड्यांच्या तारा आल्या की पिळाचा उपयोगच संपतो, शेजारच्या जोडीचा गोंगाट आत शिरतो आणि लिंक १०० वर घसरते. कनेक्टर उजेडात धरा : हिरव्याच्या दोन तारांमध्ये निळ्याच्या दोन दिसायला हव्यात.